अम्माचा तांब्या

मी कविता लिहिणारा, साधा बी.ए. झालेला माणूस. यंत्रांशी माझा संबंध पंखा आणि रेडिओ यांपलीकडे फारसा नाही. तरीही आज संगणकाविषयी बोलणार आहे, कारण गोष्ट घरातलीच आहे.

माझा पुतण्या वस्तूंचे डिझाइन शिकतो. अम्माला वजू करताना तोटीचा तांब्या जड होतो, असे आम्हा सर्वांना वाटत होते. त्याने नवा तांब्या करायचे ठरवले. संगणकाला दोन ओळींत मागणी सांगितली आणि चहा निवायच्या आत साठ चित्रे हजर! एकाहून एक देखणी. मी म्हणालो, ‘‘झाले की काम!’’ तो म्हणाला, ‘‘चाचा, साठही तांबे मुठीत धरूनच उचलायचे आहेत.’’

मग त्याने समजावले. १९९१ साली जॅन्सन आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले होते. काम देताना अभियंत्यांना एखादा नमुना दाखवला, की त्यातले दोषसुद्धा त्यांच्या नव्या आराखड्यांत उतरत. संगणक तर जुन्या नमुन्यांवरच शिकलेला.

दुसरी वाट गेनरिख आल्टशुलर यांची. स्टालिनच्या काळात छावणीत डांबलेला हा सोव्हिएत संशोधक टोपणनावाने विज्ञानकथाही लिहीत असे. असंख्य पेटंटे अभ्यासून त्याने शोध लावण्याची ४० तत्त्वे मांडली. पुढे त्यांवर संगणक-प्रणाली निघाल्या. तिथे आधी आपला पेच नेमका सांगावा लागतो.

तो नेमका कळावा म्हणून पुतण्या तीन दिवस पहाटे दादीशेजारी बसला. तेव्हा उमगले, अडचण वजनाची नव्हतीच. तिचा उजवा अंगठा मिटत नाही. तांब्या धरल्याशिवाय पाणी पडत नाही आणि धरता तर येत नाही, हा खरा पेच. तो सांगितल्यावर यंत्राने सुचवलेल्या तत्त्वांत एक होते : उलटे करून पाहा. म्हणजे तांब्या हाताने उचलायचाच नाही. पुतण्याने तो लाकडी घोडीवर झुलता बसवला. मनगटाने ढकलला की धार पडते.

अम्माच्या हातांवर मी तीन कविता लिहिल्या आहेत. एक संमेलनात वाखाणलीही गेली. त्या अंगठ्याचा उल्लेख एकीतही नाही.

यंत्राने कल्पना जरूर सुचवाव्यात. पण त्याला काही विचारण्याआधी ज्याच्यासाठी विचारायचे त्याच्याजवळ थोडे बसावे, एवढे मी पुतण्याकडून शिकलो.