रोग माशाला कीं पाण्याला?

नागपूर शहर भरतखंडाच्या जवळजवळ मध्यावर वसलेलें आहे. येथून मुंबईचा किनारा लोहमार्गानें आठशें किलोमीटरांहून अधिक दूर. समुद्रावरचा वारा या गांवाला ठाऊक नाहीं. भरती-ओहोटी येथील मुलें भूगोलाच्या पुस्तकांत वाचतात. असें असूनहि या शहरांतील कांहीं घरांत, दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत, कांचेच्या पेटींत लहानसा समुद्र नांदत असतो. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारा क्लाउन मासा आणि पिवळाजर्द टँग खडकांच्या कपारींतून ये-जा करीत असतात, आणि शाळेंतून आलेलीं मुलें दप्तर टाकून प्रथम त्यांच्यापुढें जाऊन उभीं राहतात.

मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. खाऱ्या पाण्यांतील जिवंत मासे कांचेआड पाहण्याचा पहिला योग अनेक मराठी कुटुंबांना तेथेंच आला. परंतु त्या मत्स्यालयापुढील रस्ता ओलांडला कीं अरबी समुद्र लागतो. नागपूरच्या गृहस्थाला समुद्र घरींच घडवावा लागतो. लिटरभर समुद्रजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हां शंभर लिटरांच्या पेटीसाठीं साडेतीन किलो विशिष्ट मीठ मोजून मिसळावें लागतें. त्या समुद्राचा वरुण तो स्वतःच. अर्थात् त्या समुद्रांत कांहीं बिघडलें, तर त्याचा जाबहि त्यालाच द्यावा लागतो.

अशा एका घरीं काय घडूं शकतें, तें पाहावें. प्रसंग कल्पित आहे, परंतु मासे पाळणाऱ्या कोणालाहि तो ओळखीचा वाटेल. मे महिन्यांतील रात्र. उकाड्यामुळें घरचीं माणसें गच्चीवर निजलेलीं. मध्यरात्रीं वीज जाते आणि पहांटे परत येते. निजलेल्यांना पत्ताहि लागत नाहीं. सकाळीं खालीं येऊन पाहतात, तों दोन मासे तळाशीं मरून पडलेले, आणि उरलेले चार पाण्याच्या पृष्ठभागाशीं तोंडें उघडीत-मिटीत लटकत आहेत. कसली तरी सांथ आली, असें गृहस्थाचें मन घेतें. दुकानांतून एक बाटली येते. तिच्यांत फॉर्मॅलिन असतें. झांकणभर मोजून तें पेटींत ओतलें जातें आणि संध्याकाळपर्यंत पेटी ओस पडते. धाकटी मुलगी विचारते, "बाबा, त्यांना काय झालं होतं?" बाबांना उत्तर देतां येत नाहीं.

उत्तर असें कीं, त्या माशांना कोणताच रोग झाला नव्हता. वीज गेली तेव्हां पंप थांबला. पंप थांबल्यामुळें पाणी हलेनासें झालें. आणि त्या उष्ण, निश्चल पाण्यांतील प्राणवायु रातोरात संपत आला. सकाळीं माशांना श्वास हवा होता. त्यांना मिळालें औषध. आणि फॉर्मॅलिन तर पाण्यांतील उरलासुरला प्राणवायुहि घटवितें. 'रोग म्हशीला आणि औषध पखालीला' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. येथें ती उलटी झाली. रोग पखालीला होता आणि औषध म्हशीला पाजलें गेलें.

म्हणून आकस्मिक आजाराच्या वेळीं पहिला प्रश्न 'कोणतें औषध?' हा नव्हे. किती मासे आजारी पडले, कोणत्या क्रमानें पडले, आणि किती वेळांत पडले, हा पहिला प्रश्न होय. काल रात्रीं ठीक असलेले सर्व मासे सकाळीं एकदमच कासावीस झाले असतील, तर प्रथम पाण्याचा संशय घ्यावा. आज एक, दोन दिवसांनीं दुसरा, मग तिसरा, असा क्रम असेल, तर संसर्गाचा संशय घ्यावा. एकच मासा आजारी आणि बाकीचे हुंदडत असतील, तर मारामारी, जखम, उपासमार किंवा वार्धक्य यांचा विचार करावा. या नियमाला अपवाद आहेत आणि त्यांपैकीं एक फार घातक आहे. तो पुढें येईल. परंतु दहांपैकीं बहुतेक वेळां हा साधा नियम योग्य दाराशीं नेऊन उभें करतो.

पेटींत कोळंबी किंवा गोगलगाय असेल, तर तिची साक्ष मोलाची. माशांच्या अंगावर वाढणारे परोपजीवी कोळंबीला शिवत नाहींत. मासे तळमळत असतां कोळंबी निवांतपणें चरत असेल, तर संसर्ग संभवतो. कोळंबीच आधीं उलटी होऊन पडली असेल, तर पाण्यांत कांहीं विषारी मिसळलें, असें समजण्यास जागा आहे.

आतां पाण्याचे दोष क्रमानें पाहावे. पहिला दोष प्राणवायूच्या तुटीचा. २५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या लिटरभर गोड्या पाण्यांत सुमारें सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तितक्याच उष्ण समुद्रजलांत जेमतेम पावणेसात. पाणी ३० अंशांवर गेलें कीं तो सव्वासहावर येतो. म्हणजे खाऱ्या पाण्यांतील माशाची शिदोरी मुळांतच लहान, आणि उन्हाळा ती आणखी कमी करतो. नागपूरचा उन्हाळा कसा असतो, हें सांगणें नलगे. २३ मे २०१३ रोजीं येथें पारा ४७.९ अंशांवर गेला होता. प्रवाळ-प्रदेशांतील माशांना पाणी २४ ते २७ अंशांच्या दरम्यान मानवतें. या दोषांत सर्व मासे एकाच वेळीं वर येतात, मोठे मासे बहुधा आधीं दगावतात, आणि पाणी जोरानें खळबळविलें कीं उरलेले लवकरच सांवरूं लागतात. हें सांवरणें हेंच निदान.

दुसरा दोष क्षारांचा. कोरड्या हवेंत पाणी उडून जातें. मीठ जागच्या जागीं राहतें. पाणी थंड राहावें म्हणून पेटीवर पंखा सोडला, तर गारवा येतो खरा, पण पाणी अधिकच वेगानें आटतें. शंभर लिटरांतील दहा लिटर आटले, तर लिटरमागें ३५ ग्रॅम असलेले क्षार जवळजवळ ३९ ग्रॅम होतात. ही तूट खारें पाणी घालून भरली, तर खारटपणा वाढतच जातो. ती क्षाररहित गोड्या पाण्यानेंच भरावयाची असते. समुद्रांतील मासा सतत पाणी पितो आणि त्यांतील जास्तीचे क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाणी जितकें खारट, तितके त्याचे श्रम अधिक. याच्या उलट, आटलेलें पाणी भरण्याच्या घाईंत एकदम बादलीभर गोडें पाणी ओतणें हेंहि घातक. पाण्याची घनता दाखविणारा हायड्रोमीटर घरीं असावा. २५ अंशांच्या सुमारास त्याचा आंकडा १.०२५ च्या आसपास राहिला पाहिजे.

तिसरा दोष अमोनियाचा. माशांची विष्ठा, उरलेलें खाद्य आणि खडकामागें नकळत मरून कुजणारा एखादा जीव यांपासून अमोनिया निर्माण होतो. जुन्या, स्थिरावलेल्या पेटींतील उपकारक जंतु त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवितात. नव्या पेटींत हे जंतु पुरेसे नसतात. त्यांत खाऱ्या पाण्याची आणखी एक अडचण आहे. पाण्याचा पीएच ७ असतां अमोनियाचा शंभरांतील अर्धा भागच विषारी रूपांत असतो. समुद्राप्रमाणें पीएच ८.२ असतां तो सहा-सात भागांवर जातो. म्हणून गोड्या पाण्याच्या पेटींत जें खपून जातें, तें येथें प्राणावर बेततें. कल्ले लालभडक होणें, श्वास जलद चालणें आणि मासा सुस्तावून तळाशीं बसणें हीं याचीं लक्षणें; परंतु खात्री पाण्याच्या परीक्षेनेंच होते.

चौथा दोष बाहेरून आलेल्या विषाचा, आणि घरांत तोच सर्वांत विसरला जातो. डांस मारण्याच्या फवाऱ्यांत वापरलीं जाणारीं पायरेथ्रॉइड जातीचीं द्रव्यें माणसाला फारशीं बाधत नसलीं, तरी मासे आणि कोळंबी यांना तीं अल्प प्रमाणांतहि मारक आहेत. हवेचा पंप खोलींतली हवा ओढून थेट पाण्यांत सोडतो. भिंतींचा नवा रंग, फिनेल, हाताला लागलेला साबण यांचीहि गोष्ट तशीच. नागपुरास कन्हान नदीचें आणि पेंच प्रकल्पाचें पाणी मिळतें. तें माणसांसाठीं क्लोरिन घालून शुद्ध केलेलें असतें, आणि तोच क्लोरिन माशांचे कल्ले जाळतो. म्हणून क्लोरिन काढल्यावांचून नळाचें पाणी पेटींत जातां कामा नये.

पाणी निर्दोष ठरलें, तर मग रोगाकडे वळावें. वर उल्लेखिलेला अपवाद तो येथें. त्याला मखमली रोग म्हणतात. तो करणारा सूक्ष्म जीव १९३१ सालीं ब्राउन यांनीं लंडनच्या मत्स्यालयांतील माशांवरून वर्णिला. आजचें त्याचें नांव अमिलूडिनियम. तो प्रथम कल्ल्यांत शिरतो, त्यामुळें अंगावर कांहीं दिसण्यापूर्वींच मासा धापा टाकूं लागतो, अन्न सोडतो, उजेड टाळतो आणि पंपाच्या धारेसमोर तोंड करून राहतो. पुढें अंगावर सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखी दिसते. एका जीवापासून २५६ पर्यंत पोहणारीं पिल्लें निघतात. म्हणून एक-दोन दिवसांतच पेटी रिकामी होऊं शकते आणि देखावा प्राणवायूच्या तुटीसारखाच दिसतो. फरक एवढाच कीं, येथें पाणी कितीहि खळबळविलें तरी मासे पुरते सांवरत नाहींत, आणि कोळंबी मात्र ठणठणीत असते.

दुसरा रोग पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याच्या जीवाला क्रिप्टोकॅरिऑन हें नांव ब्राउन यांनींच १९५१ सालीं दिलें. मिठाच्या कणांएवढे ठिपके परांवर व अंगावर उठतात, तीन ते सात दिवसांत गळून जातात, आणि गृहस्थाला वाटतें कीं औषध लागू पडलें. वस्तुतः ते जीव तळाशीं कोष करून बसलेले असतात. कांहीं दिवसांनीं, कधीं कांहीं आठवड्यांनीं, ते शेंकड्यांनीं बाहेर पडतात आणि दुसरा हल्ला पहिल्याहून जबर होतो. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असें नव्हे. तिसरा रोग विशेषतः क्लाउन माशांत आढळतो. अंगावर बुळबुळीत पांढुरक्या चिकटाचे थर जमतात. त्याचा जीव ब्रूक्लिनेला, १९७० सालीं वर्णिलेला. पहिल्या दोन रोगांवर तांब्याचें औषध चालतें; या तिसऱ्यावर तें चालत नाहीं, येथें फॉर्मॅलिनच लागतें. तीच बाटली एका घरीं प्राण घेते आणि दुसऱ्या घरीं प्राण वांचविते. निदानाचें महत्त्व यांतच आहे.

तांब्याविषयीं मात्र फार सावध असावें. लिटरमागें ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम हें त्याच्या साध्या क्षारांचें प्रचलित प्रमाण. याहून कमी पडलें तर व्यर्थ, अधिक झालें तर माशालाच विष. कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ तर एवढ्यानेंहि मरतात, आणि खडक तें शोषून ठेवतात. म्हणून औषधोपचार नेहमीं वेगळ्या, उघड्या तळाच्या पेटींत करावा.

तेव्हां संकटाच्या सकाळीं करावयाच्या गोष्टींचा क्रम असा. प्रथम पाणी खळबळवावें. यानें अपाय कधींच होत नाहीं. मग उष्णता, घनता, पीएच आणि अमोनिया मोजून कागदावर लिहावें. मेलेले जीव शोधून काढावे. अमोनिया किंवा विष यांचा संशय असेल, तर त्याच उष्णतेच्या व त्याच खारटपणाच्या ताज्या पाण्यानें चौथा हिस्सा पाणी बदलावें. आदल्या दोन दिवसांत घरांत काय नवें घडलें, तें सर्वांना विचारावें. फवारा कोणी मारला, हें बहुधा मुलांना किंवा मोलकरणीला ठाऊक असतें. एवढें झाल्यावर मगच औषधाचा विचार. शंका राहिलीच, तर नुकताच मेलेला मासा बर्फावर ठेवून त्याच दिवशीं सूक्ष्मदर्शक यंत्र बाळगणाऱ्या जाणकाराला दाखवावा. उशीर झाल्यास परोपजीवी मृत देह सोडून जातात आणि पुरावा नाहींसा होतो. नागपुरांत २००० सालीं पशु व मत्स्य विज्ञानाचें विद्यापीठ स्थापन झालेलें आहे. तेव्हां या विद्येचे अभ्यासक गांवांत नाहींत, असें म्हणतां येणार नाहीं.

आणि सर्वांत स्वस्त उपाय आजारापूर्वींचा. नवा मासा आणला कीं त्याला निदान चार ते सहा आठवडे वेगळ्या पेटींत ठेवावें. पेटीशेजारीं एक वही असावी. तींत रोजची उष्णता, घनता, पाणी बदलल्याची तारीख, वीज गेल्याची वेळ यांची नोंद व्हावी. ही नोंद मुलांकडे सोंपविली, तर तीं ती मोठ्यांहून चोख ठेवतात. आणि बॅटरीवर चालणारा एक लहान हवेचा पंप मे महिन्यापूर्वीं घरांत आलेला असावा.

त्या कल्पित घरीं अशी वही असती, तर पहांटे वीज आल्याची ओळ तींत कोणीतरी लिहिली असती, आणि मुलीच्या प्रश्नाचें उत्तर त्याच पानावर मिळालें असतें. कदाचित् चार मासेहि वांचले असते. माशाला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. परंतु तो ज्यांत राहतो तें पाणी मोजतां येतें, आणि विचारलें तर तें खोटें बोलत नाहीं.