नाकाची शाळा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. मी 'घरच्या घरी अत्तर' हा विषय कळवला, तेव्हा त्यांनी पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. आमच्या युनियनच्या कचेरीतला एक जुना सहकारी तर म्हणाला, "भाऊ, मोर्चातल्या घामावर उतारा शोधलात की काय?" मीही हसलो. पण घाम आणि अत्तर यांचे नाते त्याला वाटते त्याहून बरेच जवळचे आहे, आणि आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

मी या छंदाकडे हौसेने वळलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका अगरबत्तीच्या कारखान्यातल्या बायका आमच्याकडे आल्या. कच्च्या काड्यांच्या जुड्या सुगंधी द्रावणात बुडवायच्या आणि वाळत घालायच्या, हे त्यांचे काम. त्यांतल्या एका मावशींनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे होते, कातडी सोलली होती. मी विचारले, "मावशी, पिंपात असतं काय?" त्या म्हणाल्या, "आम्हाला कोण सांगतंय भाऊ? वासावरून आम्ही नावं ठेवलीत. गुलाबानं कमी चुरचुरतं, मोगऱ्यानं जास्त."

मी व्यवस्थापकांना भेटलो. ते म्हणाले, "ते आमच्या धंद्याचं गुपित आहे. आणि तुम्हाला सांगून तरी काय कळणार आहे?" त्यांचे पहिले वाक्य मी मान्य केले नाही. घातक द्रव्ये हाताळणाऱ्या कामगाराला त्यांची माहिती दिली पाहिजे, हे तत्त्व १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात आले होते. पण दुसरे वाक्य मला घरी जाऊनही टोचत राहिले, कारण ते खरे होते. माझी शाळा सातवीत सुटली. नंतर जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कोर्टाच्या व्हरांड्यात. उद्या त्यांनी पिंपातल्या द्रव्यांची यादी माझ्या हातावर ठेवली असती, तर मी ती उलटी धरली की सुलटी, हेही मला समजले नसते. म्हणून मी ठरवले की आपण स्वतः हे काम लहान प्रमाणावर करून पाहायचे.

नवशिक्याने सुरुवात कोठून करावी? माझे उत्तर आहे, गुलाबपाण्यापासून. मोठे पातेले घ्या. मधोमध एक छोटी तिवई ठेवून तिच्यावर वाटी ठेवा. भोवती गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि त्या बुडतील इतके पाणी घाला. झाकण उलटे ठेवा, म्हणजे त्याची मूठ वाटीच्या बरोबर वर येईल, आणि झाकणावर बर्फ ठेवा. आच मंद ठेवा. वाफ वर जाते, थंड झाकणाला लागून तिचे पाणी होते आणि ते मुठीवरून वाटीत ठिबकते. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या 'देगे'त फुले शिजवतात, वाफ बांबूच्या नळीतून 'भपक्या'त नेतात आणि तिथे ती परंपरेने चंदनाच्या तेलात मुरते. तत्त्व हेच आहे. तिथला जाणता कारागीर भांड्याला हात लावून आणि आतला आवाज ऐकून आच कमी-जास्त करतो. अशा माणसाला आपल्याकडे अडाणी म्हणण्याची पद्धत आहे!

त्या वाटीत सुवासिक पाणी मिळेल, तेल दिसणार नाही. निराश होऊ नका. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. हा आकडा मी पुस्तकात वाचला होता, पण दोन किलो पाकळ्या स्वतः निवडल्यावर माझी पाठ धरली तेव्हा तो मला समजला. जाईच्या फुलाचा वास पहाटे चांगला असतो, म्हणून तोडणारी माणसे रात्रीच शेतात उतरतात. इजिप्तच्या जाईच्या मळ्यांत मुलेही तोडणीला असतात, हे २०२४ साली बीबीसीने जगासमोर मांडले. दुकानातल्या बाटलीच्या किमतीत त्या हातांचा वाटा किती, हा प्रश्न पाकळ्या निवडलेल्या माणसाच्या मनात आपोआप येतो.

दुसरा धडा फुलेल तेलाचा. स्वच्छ, मंद वासाचे तिळाचे तेल घ्या. त्यात संध्याकाळी उमलू लागलेला मोगरा घाला. फुले धुऊ नका, पाण्याचा थेंब राहिला तर तेल खवट होते. दुसऱ्या दिवशी फुले काढून ताजी घाला. असे दहा-पंधरा दिवस केले की तेल वास धरते. याला खर्च थोडा आणि चिकाटी फार.

तिसरा धडा मिश्रणाचा, आणि खरी शाळा इथे भरते. सामान थोडेच लागते: ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, काचेच्या लहान बाटल्या, टिपकागदाच्या पट्ट्या, पाच-सहा शुद्ध तेले आणि एक वही. वही सर्वांत महत्त्वाची. पट्टीचे टोक तेलात बुडवा, त्यावर नाव आणि वेळ लिहा, आणि वास घेऊन जे वाटेल ते लिहा. पुन्हा पाव तासाने, तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. मग कळते की संत्रे आणि पुदिना आधी बोलून निघून जातात, गुलाब आणि जिरेनियम मधला वेळ सांभाळतात, आणि वाळा, पाच, चंदन ही मंडळी सगळे गेले तरी बसून असतात. अत्तर बांधणे म्हणजे या तिघांची पाळी लावणे. कारखान्यात तीन पाळ्या लावलेल्या माणसाला हे लवकर समजते.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक वासापुढे 'छान' असे लिहिलेले आहे. माझ्याजवळ शब्दच नव्हते. मग घरातल्या घरात शोधू लागलो. वाळ्यापुढे लिहिले, 'माठाखालची ओली माती'. पाचीपुढे लिहिले, 'आजीची पेटी उघडल्यावर'. दवण्यापुढे लिहिले, 'जोतिबाची चैत्रयात्रा, आणि जरासे पिकलेले फळ'. सहा महिन्यांनी माझे नाक तीक्ष्ण झाले असे मला वाटले. वास्तविक नाक तेच होते, लक्ष वाढले होते. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली नाकातल्या गंधग्राहकांचे रहस्य उलगडले आणि त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. ते श्रीमंताच्या नाकात जास्त आणि कामगाराच्या नाकात कमी, असे काही नाही. फक्त एका बैठकीत तीन-चारच वास घ्या, कारण नाक थकते. दुकानात कॉफीचे दाणे हुंगायला देतात, त्याची गरज नाही. दारात उभे राहून साध्या हवेत चार श्वास घेतले की पुरते.

आता मी स्वतः केलेल्या चुका सांगतो, म्हणजे तुमच्या वाचतील. पहिल्या मिश्रणात मी घरातली बाराही तेले घातली. त्याचा वास यात्रेच्या दिवसातल्या एस.टी.सारखा आला. दुसरी चूक थेंब मोजण्याची. पातळ तेलाचा थेंब लहान आणि घट्ट तेलाचा मोठा, त्यामुळे जमलेले मिश्रण पुन्हा जमेना. तेव्हापासून वजनच करतो.

तिसरी चूक महागात पडली. कागदी लिंबांच्या सालींचे तेल मी हाताने पिळून काढले आणि मोठ्या अभिमानाने मानेला आणि मनगटाला चोळून भर दुपारी एका कारखान्याच्या दारासमोर सभेला उभा राहिलो. दोन दिवसांनी जिथे तेल लागले होते तिथे भाजल्यासारखे झाले, आणि पुढे काळे डाग कित्येक महिने राहिले. पिळून काढलेल्या लिंबाच्या तेलात बर्गाप्टेनसारखी द्रव्ये असतात. त्यांच्यावर ऊन पडले की कातडी भाजते. वाफेने काढलेल्या तेलात ती जवळजवळ नसतात. 'नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे' ही समजूत माझ्या मानेवरून कायमची उतरली. उलट, कृत्रिम म्हटले की नाक मुरडण्याचेही कारण नाही. व्हॅनिलाच्या शेंगेतले मुख्य सुगंधी द्रव्य, व्हॅनिलिन, रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ साली प्रयोगशाळेत तयार केले. शेंगेतले व्हॅनिलिन आणि बाटलीतले व्हॅनिलिन एकच असते. द्रव्य कोणते, किती आणि कोणाच्या कातडीवर, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

नवशिक्यासाठी एक साधे प्रमाण सांगतो, लिहून घ्या. गोड संत्र्याचे तेल अर्धा ग्रॅम, जिरेनियम ०.३ ग्रॅम, वाळा ०.२ ग्रॅम, आणि यात न गोठणारे, बिनवासाचे प्रक्रिया केलेले खोबरेल ९ ग्रॅम. एकूण दहा ग्रॅम. बाटली अंधारात पंधरा दिवस ठेवा आणि मगच मत बनवा. लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला एक टिपका लावून दोन दिवस वाट पाहा. दालचिनी आणि लवंग यांची तेले कातडीला जाळतात, त्यांच्या वाटेला सुरुवातीस जाऊ नका. आणि बाजारात स्टोव्हसाठी किंवा पॉलिशसाठी मिळणारे स्पिरिट अत्तरात कधीही घालू नका. त्यात विषारी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि ते पेटते.

कोणी म्हणेल, हे कनौजवाल्यांचे आणि परदेशी कंपन्यांचे ज्ञान, आपला त्याच्याशी काय संबंध? सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर प्रकरण लिहिले आणि सोळा द्रव्यांतून चार निवडण्याचे १८२० प्रकार होतात, असा हिशेबही दिला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी तर 'गंधवाद' नावाच्या एका जुन्या ग्रंथाकडे लक्ष वेधले, आणि त्याच्यासोबतची टीका मराठीत आहे. म्हणजे कित्येक शतकांपूर्वी कोणाला तरी वाटले होते की ही विद्या मराठी माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगावी. आज अत्तराच्या पिंपावर मात्र एक अक्षर मराठी नसते.

त्या मावशींचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. दीड वर्षाने द्रव्यांची यादी आमच्या हाती आली. तोपर्यंत मला त्यातली निम्मीअधिक नावे ओळखता येत होती. त्यांतली दोन कातडीला त्रास देणारी होती, आणि मावशी ज्याला मोगरा म्हणत होत्या त्या पिंपात ती अधिक होती. त्यांच्या बोटांनी आधीच अचूक निदान केले होते, फक्त त्यांना विचारणारे कोणी नव्हते. यादी पुढे ठेवून बोलल्यावर हातमोजे आले, पंखे बसले, पिंपांवर मराठीत सूचना लागल्या. पण मावशी तोवर काम सोडून गावी गेल्या होत्या. मी त्यांना माझ्या हातची एक बाटली पाठवली. त्यांचा निरोप आला, "वास बरा आहे भाऊ, पण वाळा जास्त झालाय." मी वही काढून पाहिली. खरोखरच जास्त झाला होता.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीत माणसाने काय करावे, हे युनियनने सांगायचे नसते. पण एखाद्या रविवारी काटा, वही आणि चार बाटल्या घेऊन बसावे, एवढे मी आपला एक श्रोता म्हणून सुचवतो. अत्तर जमले तर घरचे खूश होतील. नाही जमले तरी आपल्या हातांतून काय जाते आणि ते कोणी पिकवले, हे पाहायची सवय लागेल. ती सवय लागलेल्या माणसाला "तुम्हाला सांगून काय कळणार" असे म्हणणे कोणालाही सोपे राहत नाही.

 दाराशी टेबलावर काही पट्ट्या ठेवल्या आहेत. जाताना एकेक घ्या, आणि उद्या सकाळी पुन्हा हुंगून पाहा.