खुल्या सॉफ्टवेअरचे काम : हक्क आणि आरंभ



आपल्या घरांतील अनेक तरुण-तरुणी आज सॉफ्टवेअरचे शिक्षण घेत आहेत. नोकरी देणारा त्यांस विचारतो, "पूर्वी काय काम केले आहे?" आणि नोकरीवाचून तर अनुभव मिळत नाही! ही कोंडी फोडण्याचा एक मार्ग म्हणजे ओपन सोर्स, अर्थात ज्याचा सोर्स कोड सर्वांस खुला आहे असे सॉफ्टवेअर. या मार्गाची कायद्याची बाजू मी प्रथम सांगतो.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम वाङ्मयकृतीत मोडतो. सबब कोणी आपला कोड सर्वांस दिसेल असा ठेवला, एवढ्यानेच तो बदलण्याचा वा वाटण्याचा हक्क आपणांस मिळत नाही. तो हक्क परवान्याने मिळतो. १९९१ साली हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचा परवाना पैसे घेऊन वाटण्यास मनाई करी. १९९२ साली त्याने जीपीएल परवाना स्वीकारला. त्यायोगे ते वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क सर्वांस मिळाला. मात्र बदललेली प्रत वाटणाऱ्याने तिचा कोडही त्याच अटींवर द्यावा, असे बंधन घातले गेले. १९९८ साली ओपन सोर्सची व्याख्या ठरली. तिचे ५ वे कलम सांगते की, परवान्याने कोणत्याही व्यक्तीविरुद्ध वा गटाविरुद्ध भेदभाव करता कामा नये. म्हणून हा हक्क कोणाच्या मेहेरबानीचा नाही. परंतु आपले काम मूळ प्रकल्पात स्वीकारले जाणे हा हक्क नव्हे. ते कामाच्या गुणावर मिळवावे लागते.

आता आरंभ कसा करावा? आपण नित्य वापरतो तेच सॉफ्टवेअर निवडावे. त्यातील उणिवा आपणांस ठाऊक असतात. त्याचा परवाना व सहभागाचे नियम आधी वाचावेत. पहिले काम लहान असावे : माहितीपुस्तिकेतील चूक सुधारणे, एखादा दोष कसा उद्भवतो हे क्रमवार लिहून कळविणे, अथवा मराठी भाषांतर करणे. गिट हे साधन शिकावे. त्यात प्रत्येक बदल, तो करणाराने दिलेल्या नावानिशी व तारखेनिशी नोंदला जातो. अनुभव विचारणाऱ्यापुढे हीच नोंद ठेवता येते. एका वेळी एकच बदल पाठवावा व तो का केला हे स्पष्ट लिहावे. तो नाकारला गेला तर कारण विचारावे, दुरुस्ती करावी आणि पुन्हा पाठवावा.

नोकरीत असणाऱ्यांस एक इशारा देतो. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, कलम १७ प्रमाणे नोकरी देणारा असतो. सबब करारपत्र वाचून, लेखी परवानगी घेऊनच असा कोड बाहेर द्यावा.

हे काम बहुधा बिनमोबदला असते, हेही लक्षात ठेवावे. पोटाचा उद्योग सांभाळून आठवड्यास दोन तास दिले तरी आरंभास पुरे. परवाना वाचा, लहान काम निवडा आणि आपल्या नावाची पहिली नोंद करा.