कामाचें कार्ड खेळाला चालेल काय?

मुंबईंत दादर भागांत राहणाऱ्या एका मध्यम स्थितीच्या कुटुंबांत मागील दिवाळीच्या सुटींत एक वाद उपस्थित झाला. थोरली मुलगी वास्तुकलेच्या विद्यालयांत शिकणारी, धाकटा मुलगा अकरावींत, आणि घरांत संगणक एकच. तोही एका कचेरीनें मोडीत काढलेला. त्यावर मुलीचे नकाशे रडतखडत उघडत, आणि मुलाचे खेळ तर मुळींच चालत नसत. रोजची धुसफूस संपविण्यासाठीं वडिलांनीं वीस हजार रुपये बाजूला काढले आणि स्वच्छ सांगितलें कीं, या रकमेंत दोघांचेंही काम भागलें पाहिजे. यापुढें एक पैही निघणार नाहीं.

पितापुत्र लॅमिंग्टन रोडवर गेले. संगणकाच्या सुट्या भागांचा तो मोठा बाजार. तेथील एका दुकानदारानें दोन वापरलेलीं ग्राफिक्स कार्डें पुढें ठेविलीं. दोन्ही एन्व्हिडिया कंपनीचीं. एक क्वाड्रो पी-२०००, दुसरें क्वाड्रो पी-४०००. पहिल्याची किंमत आठ हजार, दुसऱ्याची तेरा हजार. "साहेब, नांवांतच पाहा. एक दोन हजार, दुसरें चार हजार. दुप्पट माल, आणि पैसे मात्र दीडपटीच्या वर थोडेसेच!" असें तो म्हणाला. मुलाचे डोळे चमकले. वडिलांचा हात खिशाकडे गेला. परंतु एक दिवस विचार करून येतों, असें सांगून ते परतले. त्या एका दिवसांत त्या घरीं जो हिशेब झाला, तो पुष्कळ घरांच्या उपयोगी पडण्यासारखा आहे.

प्रथम, ग्राफिक्स कार्ड करतें तरी काय, हें पाहिलें पाहिजे. पडद्यावरील चित्र अतिसूक्ष्म ठिपक्यांचें बनलेलें असतें. सामान्य घरगुती मॉनिटरवर एका ओळींत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी, म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात. बोलपटांत सेकंदाला २४ चित्रें पुरतात. खेळांत हालचाल गुळगुळीत दिसावयाची तर ६० चित्रें हवींत. म्हणजे दर सेकंदास बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हजार पानांची पंगत एकटा आचारी, तो कितीही निष्णात असला तरी, वाढूं शकत नाहीं. तेथें पुष्कळ वाढपी लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा आचारी, आणि ग्राफिक्स कार्डावरील शेंकडों लहान गणनकेंद्रें हे वाढपी. कार्डावरची मेमरी हें कोठार, आणि कोठारापासून पंगतीपर्यंतची वाट जितकी रुंद, तितकें वाढणें जलद.

आतां वर्कस्टेशनचें कार्ड व खेळाचें कार्ड यांत भेद कोणता? पुष्कळांची अशी समजूत असते कीं, कामाच्या कार्डावर खेळ चालतच नाहींत. ही समजूत चुकीची आहे. पी-२००० या कार्डावरील चिप जीपी-१०६ या नांवाची असून, तीच जीफोर्स जीटीएक्स १०६० या खेळाच्या कार्डावर आहे. पी-४००० वरील जीपी-१०४ हीच चिप जीटीएक्स १०७० वर आहे. कुळ एकच, पास्कल नांवाचें. खेळाचीं तीं कार्डें २०१६ सालीं आलीं आणि हीं दोन क्वाड्रो फेब्रुवारी २०१७ मध्यें जाहीर झालीं. मात्र कामाच्या कार्डावर चिपेचा कांहीं भाग बंद ठेवून व वेग आंवरून वीज कमी खर्च होईल अशी योजना केलेली असते. शिवाय, अभियंते व वास्तुशिल्पी ज्या प्रणाली वापरतात त्यांच्या निर्मात्यांकडून या कार्डांचे ड्रायव्हर तपासून प्रमाणित केले जातात. नवें असतांना पी-४००० ची किंमत जीटीएक्स १०७० च्या दुपटीच्या घरांत होती, ती या प्रमाणपत्राची व खात्रीची किंमत होती. खेळांतील वेगाची नव्हे. कचेरीनें यंत्र बदललें कीं ही खात्री निरुपयोगी होते, आणि कार्ड बाजारांत आपल्या अंगच्या गुणांवर विकलें जातें. घरगुती ग्राहकाची संधि आहे ती येथेंच.

मग अंगचे गुण कोणते? पी-२००० वर गणनकेंद्रें १०२४, पी-४००० वर १७९२. पहिल्याची मेमरी ५ जीबी, दुसऱ्याची ८ जीबी. कोठाराची वाट पहिल्यांत सेकंदाला १४० जीबी वाहून नेते, दुसऱ्यांत २४३ जीबी. वीज पहिलें कार्ड ७५ वॅटपर्यंत घेतें, दुसरें १०५ वॅटपर्यंत. दोहोंचा कमाल वेग १४८० मेगाहर्ट्झ, म्हणजे सारखाच. त्या मुलानें रात्रीं वहींत भागाकार केला. १७९२ भागिले १०२४, उत्तर १.७५. २४३ भागिले १४०, उत्तर जवळजवळ तितकेंच. म्हणजे दुकानदाराचें 'दुप्पट' हें पावणेदोनपट ठरलें. नांवांतील आंकडा हें कांहीं मालाचें माप नव्हे, हा पहिला धडा त्यास मिळाला. विजेच्या बाबतींत मात्र मोठें कार्ड उजवें, वीज १.४ पट घेऊन तें पावणेदोनपट काम करतें.

हा पावणेदोनपटीचा फरक पडद्यावर किती उतरतो, हें खेळावर अवलंबून आहे. व्हॅलोरंटसारखा २०२० सालचा हलका खेळ, किंवा २०१५ सालीं संगणकावर आलेला ग्रँड थेफ्ट ऑटो ५, पी-२००० वरही १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुखानें चालतो. ज्या मॉनिटरवर सेकंदाला ६० चित्रेंच दिसतात, त्यापुढें कार्डानें शंभर चित्रें तयार केलीं तरी तीं वायां जातात. याउलट सायबरपंक २०७७ सारखा जड खेळ घ्यावा. २०२३ मध्यें त्याच्या निर्मात्यांनीं किमान अपेक्षा जीटीएक्स १०६० च्या ६ जीबी कार्डापर्यंत वाढविली. पी-२००० या रेषेच्या खालीं राहतें, पी-४००० वर. अशा ठिकाणीं लहान कार्डावर सजावट कमी करावी लागते, आणि मोठ्या कार्डाचें ८ जीबी कोठार उपयोगी पडतें.

येथवर पारडें मोठ्या कार्डाकडे झुकलें होतें. परंतु कार्ड हें एकटें नांदत नाहीं. संगणकाच्या मदरबोर्डावरील ज्या खांचेंत तें बसतें, ती खांच ७५ वॅटपर्यंत वीज देऊं शकते. पी-२००० चें तेवढ्यांत भागतें. त्यास निराळी तार लागत नाहीं. पी-४००० ला मात्र पॉवर सप्लायमधून सहा पिनांची स्वतंत्र तार हवी. मुलानें कॅबिनेट उघडून पाहिलें. कचेरींतून आलेल्या त्या यंत्राच्या पॉवर सप्लायला अशी तार नव्हतीच. नवा चांगला पॉवर सप्लाय म्हणजे साडेतीन हजार. शिवाय पी-४००० सुमारें चोवीस सेंटिमीटर लांब, पी-२००० सुमारें वीस. अरुंद कॅबिनेटांत हे चार सेंटिमीटरही भारी पडतात. दोन्ही कार्डांना मॉनिटरसाठीं चार डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय नाहीं. म्हणून घरच्या जुन्या मॉनिटरसाठीं एक अडॅप्टर लागणार होता. तो खर्च दोहोंस सारखाच, म्हणून तुलनेंतून तो गळाला.

मग किंमत व मोल यांचा मेळ कसा घालावा? रीत सोपी आहे. मोठें कार्ड पावणेदोनपट काम देत असेल, तर त्याचा एकंदर खर्च लहान कार्डाच्या पावणेदोनपटीच्या आंत असला पाहिजे. लहान कार्ड आठ हजारांस. म्हणून मोठ्याची मर्यादा चौदा हजार. नुसतें कार्ड तेराला मिळत होतें, म्हणजे मर्यादेच्या आंत. परंतु त्यांत पॉवर सप्लायचे साडेतीन हजार मिळवितां साडेसोळा हजार झाले, आणि सौदा मर्यादेबाहेर गेला. शेजाऱ्याच्या घरीं सहा पिनांची तार आधींच असेल, तर त्यानें तेंच मोठें कार्ड घेणें शहाणपणाचें. कार्डें तींच, भाव तेच, आणि उत्तर मात्र दोन घरांत दोन. बाजारभाव रोज बदलतात, म्हणून हे रुपये विसरले तरी चालतील. भागाकार मात्र विसरूं नये.

याखेरीज वयाचा विचार आहे. पास्कल कुळांत प्रकाशकिरणांचें गणित करणारीं खास केंद्रें नाहींत. तीं २०१८ पासूनच्या कार्डांत आलीं. डिसेंबर २०२४ मधील इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ मधील डूम: द डार्क एजेस या खेळांना तशीं केंद्रें अवश्यच लागतात, म्हणून ते या दोहोंपैकीं कोणत्याच कार्डासाठीं नाहींत. शिवाय, ५८० क्रमांकाची शाखा ही पास्कल कुळास चालविणारी ड्रायव्हरची अखेरची मोठी शाखा, असें कंपनीनें २०२५ सालीं जाहीर केलें. याचा अर्थ कार्ड उद्यां बंद पडेल असा नव्हे. आज चालणारे खेळ पुढेंही चालतील. परंतु नव्या खेळांसाठीं नव्या सोयी येणार नाहींत. म्हणून अशा कार्डासाठीं जवळची सगळी पुंजी ओतणें इष्ट नव्हे.

आणखी एक गोष्ट. ज्यास केवळ खेळच खेळावयाचे आहेत आणि ज्याच्याकडे तारेची सोय आहे, त्यानें जीटीएक्स १०६० व १०७० यांचे भाव आधीं विचारावेत. १०६० च्या ६ जीबी कार्डावर १२८० व १०७० वर १९२० गणनकेंद्रें असून वेगही अधिक आहे. वीज मात्र तीं १२० व १५० वॅटपर्यंत घेतात. तारेवांचून चालणाऱ्या खेळाच्या कार्डांत जीटीएक्स १०५० टीआय हें प्रसिद्ध. परंतु त्यावर केंद्रें ७६८ व मेमरी ४ जीबीच. यावरून पी-२००० चें खरें स्थान ध्यानांत येतें. तार नाहीं आणि जागा कमी, अशा घरचें तें कार्ड आहे.

दुसऱ्या दिवशीं वडिलांचा कल मोठ्या कार्डाकडेच होता. मुलगा बारावीच्या वर्षांत पुन्हा कांहीं मागणार नाहीं. साडेसोळा हजार वीस हजारांच्या आंतच आहेत. मग त्याचें मन कां मोडावें, असें त्यांस वाटलें. परंतु मुलानेंच वही पुढें केली. "बाबा, मला मोठेंच हवें होतें. पण हिशेब लहानाच्या बाजूनें येतो," असें तो म्हणाला, आणि म्हणतांना त्याचा आवाज थोडा उतरला होता. मुलगी म्हणाली कीं, मोठीं चित्रें ती विद्यालयाच्या प्रयोगशाळेंत काढील. घरीं नकाशे उघडण्यास ५ जीबी पुरतात. तिचें खरें अडतें तें संगणकाच्या अपुऱ्या रॅमपायीं आणि जुन्या हार्ड डिस्कपायीं.

तेव्हां पी-२००० ठरलें. घेण्यापूर्वीं दुकानांतच तें यंत्रावर चढवून अर्धा तास एक जड खेळ चालविला. पंख्याचा आवाज ऐकला, तापमान पाहिलें, आणि जीपीयू-झेड या मोफत प्रणालीवर गणनकेंद्रें १०२४ व मेमरी ५ जीबी आहे, हें ताडून घेतलें; कारण लहान कार्डास मोठ्याचें सोंग देऊन विकण्याचे प्रकार या बाजारांत घडतात. पावतीवर महिन्याभराची बदलून देण्याची हमी लिहून घेतली. उरलेल्या पैशांतून मुलीसाठीं रॅम व एक एसएसडी आली, आणि तरी कांहीं रक्कम शिल्लक राहिली.

आज त्या घरीं नकाशे चटकन् उघडतात. मुलगा आपले खेळ मध्यम सजावटीवर खेळतो, आणि जे चालत नाहींत त्यांचीं नांवें त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवितो. स्वतःच्या कमाईचे पहिले पैसे आले कीं तें पान उघडावयाचें, असा त्याचा बेत आहे. वडिलांनीं ती वही एकदां चाळली, आणि भागाकाराच्या पानाशीं खूण घालून जागच्या जागीं ठेवून दिली.