एकाच पातेल्यातली दोन मुले
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. सभेत बोलण्याची मला सवय नाही. माईक समोर आला की घसा कोरडा पडतो. पण मुलांच्या खाण्याविषयी आपल्यातल्याच कुणी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, आणि त्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगण्यासारखी आहे, म्हणून उभी राहिले.

गेल्या साली शाळेत मुलांची तपासणी झाली. माझा धाकटा १० वर्षांचा. त्याचे वजन भरले ५२ किलो. थोरली मुलगी १३ वर्षांची, तिचे अवघे ३३. तिचे रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेनऊ निघाले. तिच्या वयाला बारा तरी हवे. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "ही दोघे एकाच घरातली का हो?" मला मान खाली घालावी लागली. चूल एक, पातेले एक, वाढणारी मीच.

घरी येऊन रात्रभर विचार केला. आपल्या कोनगावात पूर्वी भात कापला की त्याच शेतात वाल पेरीत, आणि पोरे दिवसभर खाडीकाठी हुंदडत. आता शेतांच्या जागी गोदामे झाली. रस्त्यावर कंटेनर एवढे की मुलाला बाहेर सोडायला जीव धजत नाही. म्हणून मीच त्याला म्हणत असे, घरात बस, मोबाईल बघ, आणि हे घे दहा रुपये. त्या दहा रुपयांची रोज वेफर्सची नाहीतर तळलेल्या नळ्यांची पाकिटे येत. शाळेतली खिचडी तो खात नसे. "ती गरिबांची" म्हणे. हे त्याला कोणी शिकविले? आम्हीच. शाळेतल्या पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो धान्य मिळे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा हुकूम केला, आणि मग खिचडी आली. हक्काने मिळालेले गरम अन्न टाकून माझा मुलगा पाकीट फोडीत होता.

मुलीची गोष्ट बोलताना मला जड जाते. घरातले पुरुष आणि मुलगा आधी जेवीत, मग ती माझ्याबरोबर बसे. तोवर मासळीचे तुकडे संपलेले, कालवण तळाशी. ती कधी बोलली नाही. भूक मारायला चहा-बिस्किटे खाई. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती गटारात टाकीत असे. उपाशीपोटी घेतल्याने मळमळे, एवढेच कारण. मी विचारलेच नव्हते.

आता ती डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज जेवणानंतर घेते, आणि जेवणासोबतचा चहा बंद केला, कारण चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळले तर उलट जास्त लागते. ताटात वाल, चवळी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा, आणि सुकट-जवळा तर आपल्या घरचाच. तांदळाच्या भाकरीबरोबर कधी नाचणीचीही करते. ती मुलांना फारशी आवडत नाही, हे खरे सांगते.

मुलाला मात्र उपाशी ठेवले नाही. वाढत्या मुलाला उपास घडवू नका, त्याची उंची वाढू द्या, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. एके दिवशी त्याच्यासमोर २५० मिलीलीटरच्या थंड पेयाची बाटली ठेवली. मागचे बारीक अक्षर मुलीने वाचले. मग तेवढी साखर मी डब्यातून वाटीत काढली, ती पाच चमचे भरली. तो बघत राहिला. बाटली त्याने प्यायलीच, पण पुढच्या वेळी मागितली नाही. संध्याकाळी तो वडिलांबरोबर तासभर चालतो, सुट्टीला दुर्गाडीच्या पुलापर्यंत. वर्गातली मुले त्याला 'ढोल्या' म्हणतात. घरात कुणी म्हणायचे नाही, असा मी दंडक घातला. त्यावरून जाऊबाईंशी दोन दिवस अबोला झाला.

हे माझ्याच घरात घडले असे समजू नका. २०२५ साली युनिसेफने सांगितले की जगात ५ ते १९ वर्षांच्या मुलांत लठ्ठ मुलांचे प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा प्रथमच जास्त झाले. आपल्याकडे तर दोन्ही एकाच ताटावर बसतात. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असे अति तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा सरकारी नियम आहे. पण एक्कावन्नाव्या मीटरला मुलांचे पाय काही थकत नाहीत, आणि खिशातले दहा रुपये आपणच दिलेले असतात.

आज मुलीचे हिमोग्लोबिन सव्वाअकरा आहे. मुलाचे वजन ५३, म्हणजे एकच किलो वाढले. उंची सहा सेंटीमीटरने वाढली. सासूबाई अजून त्याच्या भातावर तुपाची धार जास्त धरतात. मी आता पहिली भाकरी मुलीच्या ताटात घालते. सासूबाई पाहतात, बोलत नाहीत.

एक विनंती करते. दरवर्षी या कार्यक्रमात आपण मुलांना वेफर्सचे पाकीट आणि थंड पेय देतो. पुढल्या वर्षी चवळीची उसळ आणि एकेक केळे द्यावे. उसळीचे पातेले माझ्याकडून.