नावाआड दडलेले विष

(पिंपळगाव बसवंत येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



व्यसनाचा व्यापारी विष त्याच्या खऱ्या नावाने कधीच विकत नाही. सिगारेटमधील तंबाखू काढून गांजा भरला की तिचा 'जॉइंट' होतो. त्यात आणखी एखादी पूड मिसळली, तरी नाव तेच राहते. आपण केवळ गांजा ओढतो आहोत, अशा भ्रमात मुलगा असतो.

१९८०च्या दशकात अशुद्ध हेरॉईन 'गर्द' या नावाने मुंबईत पसरले. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखणी चालवली आणि १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. आज मेफेड्रोन हे रसायन 'एमडी' किंवा 'म्याव म्याव' म्हणून विकले जाते. नाशिकजवळच्या शिंदे गावातील त्याचा कारखाना ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला. आपल्याच महामार्गावरील मालेगावात अल्प्राझोलम या औषधाला 'कुत्ता गोळी' म्हणतात.

नाव गमतीचे झाले की भय ओसरते. 'गांजा तर बैरागीही ओढतात', हा युक्तिवादही त्यातलाच. बैराग्याच्या चिलमीत कारखान्यातील रसायन नव्हते. शिवाय १९८५च्या कायद्याने गांजा बाळगणे हाही गुन्हाच आहे.

म्हणून पालकांनी ही नावे जाणून घ्यावीत. मुलाच्या तोंडी असा शब्द आला, तर हात उगारू नका. शांतपणे विचारा, "बाळा, त्यात नेमके काय असते?" त्याच्यापाशी उत्तर नसेल. संवादाचा आरंभ तेथूनच करावयाचा आहे.