आतड्याचा स्वतंत्र कारभार



पंचायत समितीचा कागद आला नाही, म्हणून गावची पाणीपट्टी वसुली थांबत नाही. लहान आतड्याचेही असेच आहे. मेंदू व मज्जारज्जू यांकडून त्याला मज्जातंतू येतात; परंतु हे बाह्य तंतू तोडल्यावरही आतडे आतील घास पुढे ढकलीत राहते, असे बेलिस व स्टार्लिंग यांनी १८९९ साली कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविले. घासामागचा भाग आकुंचन पावतो, पुढचा सैल होतो. हा हुकूम आतड्याच्या भिंतीतील मज्जाजालातूनच सुटतो. स्नायूंना लय देणाऱ्या पेशीही तेथेच असतात.

मात्र कारभार पूर्वीसारखा राहत नाही. वरचा अंकुश सुटल्याने स्नायू काही रासायनिक संदेशांना अधिक तीव्र प्रतिसाद देऊ लागतात. काही काळ जुलाबही होतात.

आतड्याच्या प्रत्यारोपणात नेमके हेच घडते. रक्तवाहिन्या जोडल्या जातात, मज्जातंतू नाहीत. तरीही नवे आतडे चालते, आणि शिरेतून मिळणाऱ्या पोषणावर जगणारा रुग्ण पुन्हा भाकरी खाऊ शकतो! असे आतडे बहुधा मेंदूमृत दात्याकडून मिळते. मेंदूमृत्यूस १९९४ च्या कायद्याने मान्यता दिली आहे. नातेवाइकांची संमती मात्र लागते, आणि ती देण्यास अवधी फार थोडा असतो.